मिस्त्रीनं भरलेली भेग

घणाचे दहा घाव बसले तरी गिरणीच्या इंजिनाचं चाक फुटेना, तेव्हा मिस्त्री भंगारवाल्याच्या माणसांना म्हणाला, "त्याला तरास कावून देता? आणा इकडं." आणि घण त्यानं स्वतःच्या हातात घेतला.

मी ज्वारीचं दळण घेऊन दारात उभी होते. हा म्हातारा धारूरहून इंजिन दुरुस्त करायला यायचा. लग्न होऊन आले तेव्हापासून त्याला बघत होते, पण नाव कधी विचारलं नाही. काठीचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावून तो डोळे मिटायचा, आणि काय बिघडलंय ते सांगायचा. धुराड्यावर पत्र्याचा डबा त्यानंच उलटा बसवला होता. त्याची पुकपुक शेतापर्यंत यायची, मग आम्ही बाया दळण घेऊन निघायचो. आता विजेची मोटर बसली. तिला आवाजही नाही आणि मिस्त्रीही लागत नाही.

"ह्या आऱ्याला भेग पडलती, आक्का. मीच पितळ भरलंय. इथंच कच्चं हाय, एका घावात जाईल."

त्यानं नेमका तिथं घाव घातला. चाकाचे तीन तुकडे झाले, पण भरलेली जागा होती तशीच राहिली. त्यानं खाली बसून तिच्यावरून अंगठा फिरवला.

"मला वाटलं, न्हाई टिकायची," एवढंच बोलला.

तुकडे टेम्पोत गेले. उन्हाळ्यात मिस्त्रीही वारला. ती न फुटलेली जागा पाहिलेली गावात मी एकटी उरले.