माझ्या साडूंचं प्रोफाइल

स्वतःबद्दल एकही चांगला शब्द न बोलता एक्कावन्न वर्षं काढलेला माणूस अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात एकच असावा, आणि तो माझा साडू आहे. याला विनय म्हणता येणार नाही. विनयी माणूस आतून खूश असतो. आमचे साडू फक्त खरं बोलतात, आणि खरं बघायला गेलं की त्यांना स्वतःत काहीतरी कमी आढळतंच. यात त्यांच्या कामाचा वाटा असणार. टॉवेलच्या एका कारखान्यात ते सव्वीस वर्षं तयार माल तपासायचे. टॉवेलावरून अंगठा फिरवला की धागा कुठे सुटलाय, कड कुठे वाकडी शिवली गेलीय, हे डोळ्यांआधी त्यांच्या अंगठ्याला कळायचं. पुढे पुढे हा अंगठा कारखान्याबाहेरही थांबेना. लग्नात टॉवेल-टोपीचा आहेर मिळाला की ते भर मांडवात टॉवेल उलटा करून बघतात. माझ्या पुतण्याच्या लग्नात त्यांनी नवरीच्या वडिलांना बाजूला घेतलं आणि म्हणाले, "पाव्हणं, टॉवेल चांगला हाय, पण धुतल्यावर लई आखडंल. आत्ताच सांगून ठेवतो, नंतर तुमाला वाईट वाटाय नको." नंतरची वेळच आली नाही. वाईट त्यांना तिथल्या तिथे वाटलं.

असा माणूस लग्नाच्या बाजारात उभा कसा राहिला, हे मी स्वतः पाहिलेलं आहे. माझ्या मेहुणीला बघायला आले तेव्हा मी त्या घरचा नवा जावई म्हणून शेजारीच बसलो होतो. पोह्यांचा पहिला घास घेऊन ते म्हणाले, "मीठ जास्त झालंय." मग बशी खाली ठेवून सासऱ्यांना म्हणाले, "आनि मला डाव्या कानानं कमी ऐकू येतंय. मागाच्या आवाजानं. सांगितलेलं बरं." सासरे छताकडे बघत राहिले. माझ्या मते विषय संपला होता. तेवढ्यात आतून होकार आला. मेहुणीचं म्हणणं असं, की आधी येऊन गेलेल्या तिघांनी पोहे छान झालेत म्हणून सांगितलं होतं, आणि पोहे तिने चाखले होते.

गेल्या वर्षी कारखाना बंद पडला. माग विकले गेले, माणसं घरी आली. साडूही सोलापूरच्या भवानी पेठेतल्या आपल्या दोन खोल्यांत येऊन बसले. मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला, त्यामुळे बसून चालण्यासारखं नव्हतं. पण हाताला काम हवं म्हणून त्यांनी आधी घरातल्या चादरी तपासल्या, मग पडदे, मग उशांचे अभ्रे. नापास मालाचा कोपऱ्यात वेगळा ढीग लागला. पंधराव्या दिवशी मेहुणीचा फोन आला, "दाजी, तुमी कॉलेजात पोरांची प्रोफाइलं करून देता की. ह्यांचं तेवढं करा. आता माझ्या नेसत्या साडीपर्यंत आलेत."

मी एका खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात मुलांना नोकऱ्या मिळवून देण्याच्या विभागात आहे. नोकरीच्या साइटवर माणूस कसा मांडावा, हे शिकवणं माझं कामच. ज्या मुलाने गणपतीत फक्त खुर्च्या लावल्या, त्याच्या नावापुढे मी आजवर 'कार्यक्रम व्यवस्थापन' लिहीत आलो आहे. तेव्हा साडूंचं प्रोफाइल म्हणजे तासाभराचं काम, असं समजून मी रविवारी लॅपटॉप घेऊन गेलो. आम्ही चार रविवार बसलो.

पहिला रविवार फोटोत गेला. स्टुडिओवाल्याने त्यांच्या गालावरचा मस पुसून टाकला होता. साडू परत गेले आणि मस लावून घेऊन आले. "उद्या समोर गेलो तर म्हनतील, हा दुसराच कोन आलाय," ते म्हणाले. दुसऱ्या रविवारी मी नावाखाली लिहिलं, 'वस्त्रोद्योगातील गुणवत्ता तज्ज्ञ'.

"तज्ज्ञ कोन म्हनलं?"

"कुणी म्हणत नसतं. आपणच लिहायचं असतं."

"मग ते खोडा. 'टॉवेल तपासनारा' लिहा. तेवढं पुरं हाय."

नेतृत्वगुण या रकान्यात ते बराच वेळ अडले. त्यांच्या हाताखाली दोघे होते, पण त्यातला एक ऐकायचा नाही. शेवटी 'नेतृत्व : एका माणसाचे' असं ठरलं. इंग्रजीपुढे त्यांनी लिहायला लावलं, 'वाचता येते. बोलताना घाम येतो.' आणि सगळ्यात शेवटी, मी हात जोडले तरी न ऐकता, त्यांनी स्वतःबद्दलच्या जागेत एक परिच्छेद घातला : सव्वीस वर्षांत माझ्या हातून एक मोठी चूक झाली. लाल काठाच्या टॉवेलांचा रंग जातो हे मला कळायला हवं होतं. घाई होती म्हणून मी एकच टॉवेल धुऊन बघितला. सगळा माल परदेशातून परत आला. दोष माझा.

प्रोफाइल चालू झालं. आठवड्याने साइटने कळवलं, की तिघांनी तुमचं प्रोफाइल पाहिलं. साडूंनी मला कॉलेजात फोन केला. "तिघं येऊन बघून गेले म्हनं. कोन हायत? काय बोलले नाहीत, काय नाहीत, असं कसं?" जुन्या एका सहकाऱ्याने साइटवर त्यांच्या 'संवादकौशल्याला' दुजोरा दिला, तर त्याच्या घरी जाऊन यांनी विचारलं, "तू मला कधी बोलताना ऐकलंस रे?" त्याने दुजोरा काढून घेतला.

तीन महिने कुणीही विचारलं नाही. मेहुणी चहा देताना नुसती माझ्याकडे बघायची. शेवटी मी त्यांना न सांगता सगळं प्रोफाइल बदललं. तज्ज्ञ केलं, नेतृत्व वाढवलं, घाम पुसला आणि लाल काठाचा परिच्छेद काढून टाकला. नवव्या दिवशी पुण्याच्या एका कंपनीने मुलाखतीला बोलावलं. मुलाखत व्हिडिओवर होती. साडू इस्त्रीचा शर्ट घालून मोबाइलसमोर बसले. मी आणि मेहुणी दाराआड. पलीकडच्या साहेबांनी प्रोफाइलमधली चार वाक्यं मोठ्याने वाचली आणि कौतुकाने म्हणाले, "फारच छान." साडूंनी शांतपणे सांगितलं, "साहेब, ते आमच्या साडूनं लिवलेलं दिसतंय. त्यातला मी निम्मासुदीक नाही." मुलाखत चार मिनिटांत आटोपली.

मेहुणी आत जाऊन भांडी घासायला लागली. ती घासलेलीच होती. मी मान खाली घालून उभा राहिलो. साडू रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांनी मला खुर्ची दिली. म्हणाले, "साडूभाऊ, तुमी चांगल्यासाठीच केलं, मला काय कळत नाही व्हय? पन तो मानूस मी न्हाई. त्याला नोकरी लागली असती तर रोज कामाला कोन गेलं असतं?" त्याच दुपारी आम्ही घामापासून लाल काठापर्यंत सगळं जिथल्या तिथे परत घातलं.

उन्हाळा संपता संपता हैदराबादहून एका बाईंचा फोन आला. त्यांची कंपनी दवाखान्यांना चादरी आणि टॉवेल पुरवते. त्यांनी तज्ज्ञ, नेतृत्व वगैरे काही विचारलं नाही. एवढंच विचारलं, "त्या लाल काठाच्या वेळी किती टॉवेल धुवायला हवे होते?" साडू सुरुवातीला हिंदीत बोलले, मग मागावरच्या तेलुगू विणकरांचं ऐकून शिकलेल्या तेलुगूत, आणि चाळीस मिनिटं थांबले नाहीत. पुढच्या महिन्यात ते रुजू झाले. मी वीस वर्षांत कुठल्याही मुलाला स्वतःची चूक लिहायला सांगितलं नव्हतं. अजूनही सांगत नाही, एवढं धाडस माझ्यात नाही.

आता ते महिन्यातून एकदा येतात. परवा ते परत जायला निघाले तेव्हा मेहुणीने डब्यात शेंगाचटणी भरून दिली आणि विचारलं, "करमतं का तिकडं?" दुसरा कुणी असता तर हो म्हणाला असता. साडूंनी पिशवी खांद्याला लावली आणि म्हणाले, "न्हाई."

मेहुणी हसली, मग पदर डोळ्यांना लावला. मला मात्र घरी आल्यावर आठवलं, की ते गेल्यापासून त्यांच्या प्रोफाइलवर गावाचं नाव बदलायचं राहिलंय. उघडून पाहिलं, तर त्यांनी स्वतःच बदललं होतं. गावाच्या जागेत हैदराबाद, आणि खाली स्वतःच्या शब्दांत : 'कामाला हैदराबादला असतो. राहायला सोलापूर.' अशा वाक्याने नोकरी देणारे गोंधळतात, हे मी मुलांना दर वर्षी सांगतो. ते वाक्य मी दोनदा वाचलं आणि लॅपटॉप मिटला.