गाडीला काय बांधलंय?

रोज त्याच रस्त्यानं जाणाऱ्या माणसांकडं बोलायला नवीन काय असणार? पुंडलिकनगरातून सकाळी सहाला निघायचं, वाळूजला सातच्या शिफ्टला पंच करायचं, आणि मध्ये नगर नाक्याजवळ दहा मिनिटं चहा. गेली बारा वर्षं आम्ही पाच जण पाच मोटारसायकलींवर हेच करतोय. सुपरवायझर, राजकारण, क्रिकेट हे विषय पहिल्या दोन वर्षांतच आटले! मग उरलं काय, तर कोण कुठं घसरला आणि कुणी गाडीला काय बांधलं. ते मात्र एवढं साठलंय की एखादा नवा माणूस आमच्यात चहाला आला, तर त्याचा कप गार होतो पण आमचं संपत नाही.

पाच जण म्हणजे मी, दत्ता, गौतम, सलीमभाई आणि शेषरावकाका. काका सगळ्यात थोरले, रिटायरमेंटला आलेले. गाडीचे सगळे नियम त्यांचे. आम्ही फक्त पाळायचे.

*

दत्तानं नवी गाडी घेतली तेव्हा तिला काळी बाहुली, घोड्याची नाल, लिंबू-मिरची आणि दोन्ही आरशांना काळे गोंडे बांधून आणली. सलीमभाईनं चारी बाजूंनी फिरून बघितलं आणि विचारलं, "इसमें गाडी किधर है?"

तीन महिने गाडीला ओरखडा नाही. दत्ता खूश. काका मात्र काळजीत. "हे काय बरं नाय. नवी गाडी एकदा पडावी लागती. पहिला मार तिनं खाल्ला की मालकाचा चुकतो."

दत्ता घाबरला. रविवारी त्यानं घरासमोर गादी टाकली आणि गाडी दोन्ही हातांनी धरून, हळूहळू आडवी केली. अख्खी गल्ली बघायला गोळा झाली. दारातून त्याची बायको म्हणाली, "झोपली का? पांघरूण आणू?"

मंगळवारी गोलवाडीजवळ कुत्रं आडवं आलं. गुडघा सोलला, इंडिकेटर फुटला. परतीला लंगडत काकांजवळ आला. "काका, पाडली होती की मी!"

काका म्हणाले, "गादीवरचं धरत नाय!"

*

ह्याच दत्ताच्या गाडीच्या नंबरची बेरीज आठ येते. आठ म्हणजे शनी. ह्यानं बायकोची टिकली घेतली आणि एका आकड्यावर चिकटवून टाकली.

सिग्नलला हवालदारानं बाजूला घेतलं. "हे काय लावलंय?" दत्तानं खरं ते सांगितलं. हवालदारानं त्याला तिथंच टिकली काढायला लावली. दत्ता खाली बसून नखानं खरवडत होता. हवालदारानं इकडंतिकडं बघितलं आणि वाकून हळूच विचारलं, "पण फरक पडला होता का? माझ्या गाडीची बी आठच येती."

*

आता माझा किस्सा. हा सांगायला मला आवडत नाही, पण दुसऱ्यांचे सांगायचे आणि आपला लपवायचा हे बरं नाही.

मी निघताना माझी बायको सुनीता खाली येते, गाडीच्या हेडलाइटला बोटं लावते आणि तीच बोटं कपाळाला लावते. लग्न झाल्यापासूनची सवय. एकदा आमचं आदल्या दिवशी भांडण झालं होतं. ती खाली आली नाही. मीही हाक मारली नाही.

त्या दिवशी वाळूजच्या वळणावर खडीवरून चाक सरकलं. कोपर खरचटलं, शर्टची बाही फाटली, बाकी काही नाही. घरी आलो. ती हळद घेऊन धावत आली आणि मी बोलून गेलो, "आज हात लावला नाहीस ना, म्हणून पडलो."

तिचा चेहराच उतरला. मी लगेच म्हणालो, "अगं, गंमत केली."

"गमतीत बी तोंडातून तेच निघालं ना," ती म्हणाली.

तेव्हापासून तिनं एक दिवस चुकवलेला नाही. अंगात ताप असला तरी दोन जिने उतरून, भिंतीला धरत धरत खाली येते. मी किती वेळा म्हणालो, झोप तू. ऐकत नाही. गेल्या वर्षी तिचे वडील वारले, ती तेरा दिवस सिल्लोडला होती. पहाटे साडेपाचला तिचा व्हिडिओ कॉल आला. रडून रडून डोळे सुजलेले. "अहो, मोबाइल जरा हेडलाइटसमोर धरा."

मी धरला. तिनं तिकडून स्क्रीनला बोटं लावली.

वडील गेलेल्या बाईला त्या सकाळी माझ्या कोपराची आठवण होती! दोन शब्द बोलून गेलो मी, आणि ती ते रोज दोन जिने उतरून भरून काढते. कसं परत घ्यायचं ते मला अजून कळलेलं नाही.

*

गौतम ह्यातलं काहीच मानत नाही. त्याच्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव नदीत सोडले आणि मागं वळूनही बघितलं नाही. दसऱ्याला काकांनी त्याच्या हँडलला गुपचूप लिंबू-मिरची बांधली, तर ह्यानं डब्याच्या सुट्टीत ती सोडून भाकरीबरोबर खाल्ली. वर काकांना सांगितलं, "मिरची लई फर्मास होती. उद्या कांदा बी बांधा!"

मागच्या पावसाळ्यात तो कंपनीच्या गेटसमोर चिखलात घसरला. तळहात सोलले. बॅटरीची वायर ढिली झाली म्हणून सलीमभाईनं सीट उघडली, तर खाली कागदाची पुडी. आत मीठ, मोहरी आणि सुकी मिरची. दृष्ट काढायचं सामान.

गौतमचा पारा चढला. त्याला वाटलं, काकाच! काकांनी सगळ्यांसमोर शपथ घेतली. मग गौतमनं पुडी खिशात घातली, कारण त्याच्या सीटची किल्ली घरात फक्त एका माणसाला सापडते.

घरी गेल्यावर त्यानं आईसमोर पुडी ठेवली. "माय, तू? आपल्या घरात हे?"

माउली भाकरी थापत होती. तिनं हात थांबवला नाही. "तुझा आज्या ठाम व्हता. तुझा बाप ठाम व्हता. तू बी ठाम राह्य. मी घरात बसून सायरनच्या गाड्या ऐकती, माझ्याच्यानं नाय व्हत."

हे गौतमनं आम्हाला दुसऱ्या दिवशी चहावर सांगितलं. दत्तानं विचारलं, "मग पुडीचं काय केलंस?"

"आहे तिथंच ठेवली," गौतम म्हणाला. "मीठ ओलं झालतं. बदललं."

*

सलीमभाईनं सेकंडहँड गाडी घेतली तेव्हा तिच्या हँडलला लोकरीचा एक पिवळा बूट लटकत होता. तान्ह्या बाळाचा, अंगठ्याएवढा. आमच्यात नियम असा की जुन्या मालकानं बांधलेलं सोडायचं नाही. सलीमभाईनं धुवायला म्हणून एकदा सोडला आणि त्याच दिवशी छावणीत उभ्या उभ्या गाडीसकट कलंडला. ओलाच बूट परत बांधला.

वर्षभरानं पेट्रोल पंपावर रांगेत एक बाई स्कूटीवरून त्या बुटाकडं टक लावून बघत होती. पुढं सात-आठ वर्षांची मुलगी उभी. शेवटी बाई म्हणाली, "दादा, ही गाडी आमची होती."

सलीमभाईला वाटलं, काही कागदाचं लफडं आहे. ती म्हणाली, "तसं नाही. माझे मिस्टर चालवायचे. कोरोनात गेले ते. बूट हिचा आहे. दुसरा घरी कपाटात आहे."

सलीमभाईनं लगेच गाडी स्टँडला लावली आणि गाठ सोडायला घेतली. "ले लो बाजी, आपका है."

"थांबा," बाई म्हणाली. तिनं बुटाला हात लावला, लोकर चाचपून बघितली. मग विचारलं, "तुम्ही रोज नीट घरी पोचता ना?"

"जी. अल्ला का करम है."

"मग राहू द्या. त्यांनी तेवढ्यासाठीच बांधला होता."

तेव्हापासून सलीमभाई चाळीसच्या वर जात नाही. आम्ही पुढं जाऊन चहा पिऊन बसतो, तरी ह्याचा पत्ता नसतो. एकदा वैतागून दत्तानं विचारलं, तर म्हणाला, "क्या करूँ यार! अब तो गिरने की भी इजाजत नै मेरे को."

*

शेवटचा काकांचा. हा चहावर कुणी काढत नाही.

उन्हाळ्यातला रविवार. काका-काकू चितेगावला काकांच्या बहिणीकडं जेवायला गेले होते. दुपारी परत येताना पैठण रोडवर एक स्पीडब्रेकर आला, पांढरे पट्टे पुसलेला. गाडी उडाली. मागं एका अंगाला बसलेल्या काकू खाली. काकांना पत्ताच नाही!

सोमवारी हे काकांनीच आम्हाला रंगवून सांगितलं. "मी आपला बोलतोय, बोलतोय, मागनं हुंकार नाय. वळून बघतो तर ही रस्त्याच्या कडंला मांडी घालून बसलेली! मी पळत गेलो, तर म्हणती कशी, 'या, बसा!'"

आम्ही पोट धरून हसलो. "लागलं नाही ना काकूंना?"

"डोकं जरा टेकलं म्हणती. पण पुढं उसाचा रस पिली की दोन ग्लास!"

आमच्यात कुणी किरकोळ पडलं की म्हणायची पद्धत आहे. आम्ही चौघंही एका सुरात म्हणालो, "मोठं टळलं काका!"

बुधवारी दुपारी काकूंचं डोकं दुखायला लागलं. संध्याकाळी उलट्या. दवाखान्यात नेलं. गुरुवारी सकाळी काका चहाला आले नाहीत, त्यांच्या पुतण्याचा फोन आला, काकू गेल्या. डोक्यात आत रक्त साठत गेलं होतं.

आता आमच्यात कुणी पडलं तर आम्ही काही म्हणत नाही. पाणी देतो, गाडी उचलतो, आणि दोन-तीन दिवस फोन करत राहतो.

काका पंधरा दिवसांनी कामावर आले. चहा घेतला. निघताना दत्ताचं लक्ष गेलं, काकांच्या गाडीचं मागचं डावं पायदान उघडं होतं. मागं बसलेलं माणूस उतरलं की ते मिटवायचं, उघडं ठेवून एकट्यानं गाडी चालवायची नाही, हा काकांचाच नियम. आम्ही कधी विसरलो तर भर रस्त्यात ओरडायचे.

दत्ता मिटवायला खाली वाकला.

"राहू दे," काका म्हणाले.

"काका, उघडं हाय."

"माहीत हाय."

"पण तुमीच सांगता ना, उघडं ठेवलं की मागं कुणीतरी येऊन बसतं म्हणून."

काकांनी हेल्मेटचा पट्टा लावला. गाडीवर बसले आणि टाकीला टेकेपर्यंत पुढं सरकले. मागं जवळजवळ सगळी सीट मोकळी राहिली.

"मग बसू दे की," म्हणाले.

आम्ही चौघं त्यांच्या मागं निघालो. कुणी पुढं गेलं नाही. पुढच्या स्पीडब्रेकरला काकांनी गाडी अगदी थांबायच्या बेतात आणली, मान जराशी डावीकडं वळवून काहीतरी बोलले, क्षणभर थांबले, आणि मग हळूच चाक वर चढवलं.