कॅबिनेट बदललं तेव्हा

असे अनुभव मी आजवर वाचले ते हसण्यासाठीच. कुणी चाहूल, बाधा वगैरे सांगू लागला की माझा पहिला प्रश्न ठरलेला — वायरिंग तपासलं का? म्हणून हे लिहायला बसताना जरा अवघडच जातंय...

अमरावतीला साईनगरात आमचं तळमजल्याचं घर. मी लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो. कॉम्प्युटर मीच एकेक पार्ट आणून जोडलेला. टेबलाखाली त्याचं कॅबिनेट, आणि शेजारी बाबांचा पलंग. बाबा शिक्षक होते. लकव्यानं त्यांची वाचा गेली. माझ्या कानाला हेडफोन, आणि त्यांना हाक मारता येईना. मग काही हवं असलं की ते पलंगावरून काठी लांबवून कॅबिनेटचं बटण दाबायचे. कॉम्प्युटर बंद! मी चिडून वळायचो, तर ते वाकड्या तोंडानं हसत असायचे. संध्याकाळच्या चहाला तर हमखास. तीच त्यांची हाक झाली होती.

मागच्या उन्हाळ्यात बाबा गेले.

तेरवी आटोपली, मी कामाला बसलो, आणि चहाच्या वेळी कॉम्प्युटर बंद पडला.

आमच्याकडचा उन्हाळा, म्हटलं तापला असेल. फॅन साफ केला, प्रोसेसरची पेस्ट बदलली. पुन्हा तेच. कधी दोन-तीन दिवस काही नाही, कधी रोज. पण बंद पडायचा तो संध्याकाळीच. एसएमपीएस, म्हणजे आत वीज पुरवणारा डबा, नवा टाकला, रॅम बदलली. शेवटी अकोल्याला नितीनकडे नेला. तो कॉलेजपासूनचा मित्र, रिपेअरिंगचं दुकान आहे त्याचं. तिथे आठवडाभर चालवला, एकदाही बंद नाही. घरी आणला... त्याच संध्याकाळी बंद!

मग नितीन स्वतः घरी आला. मशीनमधला लॉग, म्हणजे बंद-चालूची नोंद, पाहून म्हणाला, "करंट तुटला तं मशीन झटक्यात मरते. ही तं शिस्तीत बंद होऊन राहिली बे... कोणी बटन दाबल्यासारखी."

बटण अडकत असेल म्हणून त्यानं बटणाची वायरच काढून टाकली आणि आतल्या पिनांना स्क्रू-ड्रायव्हर टेकवून मशीन सुरू केली. आम्ही दोघं समोर बसून राहिलो. आई चहा घेऊन आली... आणि स्क्रीनवर 'शटिंग डाऊन'. नितीननं कप घेतला, पण बराच वेळ प्यायलाच नाही.

मदरबोर्ड, प्रोसेसर, हार्ड डिस्कही बदलली. फरक नाही. आता जुनं म्हणावं असं कॅबिनेटच उरलं होतं — नुसता पत्र्याचा डबा. तोही बदलला, जुना नितीन घेऊन गेला.

आणि कॉम्प्युटर बंद पडणं थांबलं. लग्नसराई तोंडावर आलेली, मी खूश!

आई मात्र संध्याकाळी दारात यायची, कॉम्प्युटरकडे बघायची, परत जायची. एक दिवस तिनं विचारलं, "आता नाई पडत का रे तो बंद?"

"नाही. सुधरला."

"काहून सुधरवला रे?" ती बाबांच्या पलंगावर बसली, पदर तोंडाला लावला. "तो बंद पडला का मले वाटे, बोलावलं त्यायनं. मी इथं येऊन बसत होती. तेवढंच तं उरलं होतं..."

दुसऱ्याच दिवशी अकोल्याला गेलो. कॅबिनेट नितीनकडे होतं, जुने पार्टही होते. सगळं होतं तसं बसवलं, बटणाची वायरसुद्धा जोडली. त्याच जागी ठेवलं. आणि आई आणि मी वाट बघत बसलो.

आठवडे गेले. तो बंद पडलाच नाही.

परवा मला राहवलं नाही. आई स्वयंपाकघरात होती. मीच वाकून बटण दाबलं आणि ओरडलो, "आई, बंद पडला!"

ती आली नाही. आतूनच म्हणाली, "तुहा हात होय तो, बाळा. ते असे नाई दाबत."

आमच्यामध्ये भिंत होती. माझ्या आवाजावरून ओळखलं असेल म्हणा. पण आधीचं काय? तो का बंद पडायचा, आणि एकदा थांबला तो कायमचा का थांबला, याचं उत्तर ना नितीनकडे आहे, ना माझ्याकडे. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर सांगा. मी आता हसणार नाही.

मशीन बंद झाल्यामुळे खोली एकदम शांत झाली होती. आतून आईचं रडणं ऐकू येत होतं. मी उठून तिच्याजवळ गेलो.