तिसऱ्या नंबरची जांभळी रेष

संघपालच्या काही सवयी प्रज्वलला अजून तोंडपाठ आहेत. पाणी पिण्याआधी तो पेला उजेडात धरून पाही. रस्त्यानं चालताना ट्रकच्या बाजूला स्वतः राही. चहा सगळ्यांचा झाल्यावर घेई. काम संपलं तरी 'झालं' म्हणत नसे, 'झालंच समज' म्हणे. आणि रविवारी आलेख टीव्हीवर लावला की माउसला दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसे.

ही शेवटची सवय प्रज्वलला तेव्हा खटकली नाही. सुतार आपला रंधा कोणाला देतो का?

रिसोडच्या एका बुद्धविहारावरच्या खोलीत, दोघं जिथं भेटले ती अभ्यासिका आहे. निवृत्त शिक्षक इंद्रभान सर ती चालवतात. भरतीची तयारी करणारी चोवीस मुलं-मुली दर रविवारी सराव पेपर देतात. पूर्वी सर सगळ्यांचे गुण मोठ्यानं वाचत, आणि मागं पडलेली मुलं यायचीच बंद होत. संघपालनं तोड काढली. गुण ज्याचे त्याला. सगळ्यांसमोर फक्त क्रमांक.

सॉफ्टवेअरमध्ये तसा आलेख तयार नव्हता. त्यानं तो स्वतः बांधला. प्रत्येकाची एक रंगीत रेष, दर रविवारी एक ठिपका, ठिपक्यात क्रमांक. पहिल्या खेपेला चोवीसही जण पहिले आले, कारण यंत्र प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःशीच करत होतं. असंच राहू दे, गावोगाव पेढे वाटले जातील, असं सर म्हणाले. ते दुरुस्त केलं, तर पहिला नंबर तळाशी आणि शेवटचा आभाळात. मग त्यानं अक्ष उलटा केला. आठवडाभर तो त्याच्याशी झुंजत होता. प्रज्वल शेजारी बसून नुसता पाहत होता.

प्रज्वल जऊळक्याचा, मराठी घेऊन बी.ए. झालेला. त्याची रेष जांभळी. आठव्या रविवारी ती अठराव्या क्रमांकावर होती. त्यानं पुस्तकं पोत्यात भरली. संघपालनं त्याला एसटी स्टँडवरून परत आणलं. पुढच्या रविवारी रेष बाराव्यावर चढली, मग सातव्यावर, मग तिसऱ्यावर जाऊन बसली. गुण मात्र साठ-बासष्टच राहिले. पेपरच अवघड असतील, सगळ्यांचेच घसरले असतील, असं प्रज्वलनं मनाला सांगितलं. मनालाही तेच ऐकायचं होतं.

चौदाव्या रविवारी त्याचे वडील अभ्यासिकेत आले. जवळच्याच मालेगावातल्या एका गोदामात त्यांनी त्याच्यासाठी नोकरी पक्की केली होती. प्रज्वलनं त्यांना टीव्हीपुढं उभं केलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं. "आपली जांभळी ना?" एवढंच विचारलं, आणि जाऊन नोकरीला नाही सांगून आले.

परीक्षा झाली, निकाल लागला. आलेखात प्रज्वलच्या खाली असणारे पाच जण यादीत होते. प्रज्वल प्रतीक्षा यादीतही नव्हता.

त्याच महिन्यात संघपालला नागपुरात अशाच आलेखांचं काम मिळालं. तो गेला. सरांनी अभ्यासिकेचा आलेख प्रज्वलकडे सोपवला आणि माउस पहिल्यांदा त्याच्या हाती आला. परीक्षेआधीच्या शेवटच्या, छत्तिसाव्या रविवारच्या जांभळ्या ठिपक्यावर बाण नेताच बारीक चौकट उघडली. गुण त्र्याहत्तर. त्या रविवारचा पेपर त्यानं जपून ठेवला होता. त्यावर एकसष्ट होते.

त्यानं मागं मागं जात प्रत्येक ठिपका पेपरशी ताडून पाहिला. नवव्या रविवारपर्यंत एकही जुळला नाही.

फोन केल्यावर संघपाल शनिवारी आला. नाकारलं काहीच नाही.

"तू तं पोतं भरून चालला होता," तो म्हणाला. "मले वाटलं, दोन हप्ते वर दिसला तं हुरूप येईन."

"मंग थांबला काहून नाही?"

"तू पहाटं चारले उठू लागला. कोण्या तोंडानं खाली आणू तुले?"

"माह्या बापाले दाखोलं तवा तू इथंच बसेल होता," प्रज्वल म्हणाला. "माउस तुह्या हातात होता."

संघपालनं माउस पुढं ओढला. सगळं खरं करून देतो, म्हणाला. अठ्ठावीस आकडे बदलायचे होते, दहा मिनिटांचं काम. प्रज्वल एकेक पेपर उचलून गुण वाची, संघपाल टाइप करी. नववा, दहावा, अकरावा. दर आकड्याला जांभळी रेष खाली खचे, आणि कोणाची तरी रेष आपल्या जागी वर सरके.

चौदाव्याला प्रज्वल म्हणाला, "साठ." ठिपका तिसऱ्यावरून सतराव्यावर पडला. संघपालचा हात थांबला.

"हाच ना तो रविवार?"

"हाच."

त्यानं पेला उचलला, सवयीनं उजेडात धरला आणि न पिता ठेवून दिला. चहा सांगून येतो म्हणून खाली उतरला. तासाभरानं प्रज्वलनं फोन लावला, तेव्हा पलीकडून एसटीचा आवाज येत होता. पुढच्या शनिवारी झालंच समज, असं तो म्हणाला.

तीन महिने झाले. प्रज्वलला ते आकडे स्वतः भरता येतात. त्यानं भरलेले नाहीत. बावीस पेपर त्याच टेबलावर आहेत, वरचा पंधराव्या रविवारचा. आलेखात जांभळी रेष चौदाव्याला सतराव्या क्रमांकावर आहे, आणि पंधराव्याला पुन्हा तिसऱ्यावर.