सगळ्यांशी ओळख करून घे

निशिगंधा ठाकुर्लीहून ठाण्यातल्या एका केमिकल ट्रेडिंग कंपनीत इंटर्न म्हणून आली, तेव्हा मालक हितेशभाईंनी पहिल्याच दिवशी तिला वही दिली. "सगळ्यांशी ओळख करून घे. कोण काय काम करतं, कसं करतं, सगळं लिहून काढ."

कसली डोंबलाची ओळख! ती जवळ गेली की महेंद्र ड्रॉवर बंद करायचा. मेघनाने तर तोंडावरच सांगितलं, "मला काही विचारायचं नाही हं." जेवताना टेबलाशी जागा असायची, पण कुणी डबा सरकवून तिला बस म्हणत नव्हतं. मी काय यांचं घोडं मारलंय, असं तिला रोज वाटायचं.

बोलले ते एकटे प्रधानकाका. सव्वीस वर्षं तिथे काढलेला माणूस. भिवंडीचा डाइंगवाला, म्हणजे कापड रंगवणारा गिऱ्हाईक, अकराच्या आधी बोलत नाही, आधी त्याच्या गुडघ्याची चौकशी करायची, मगच मालाचा विषय काढायचा, असं सगळं त्यांनी आठवडाभर भरभरून सांगितलं. तिने पानंच्या पानं भरली आणि शुक्रवारी वही हितेशभाईंना दिली.

सोमवारी काकांची खुर्ची रिकामी होती. टेबलावर तिचीच वही होती.

मेघनाने ती खुर्ची तिच्याकडे ढकलली. "बस. त्यांचं सगळं काम वहीत उतरवून काकांना घरी बसवलंस ना? आम्ही तोंड का उघडत नव्हतो, कळलं आता?"

निशिगंधा उभीच राहिली. सव्वाअकराला टेबलावरचा फोन वाजला. कुणीच उचलेना, तेव्हा तिने उचलला.

"प्रधानसाहेब?" भिवंडीवाला होता.

"मी निशिगंधा," ती म्हणाली. "गुडघा कसा आहे तुमचा?"