अख्तरबीच्या लॉजवरची मंगोलियन पैलवान

वडूजच्या एसटी स्टँडमागं अख्तरबी नदाफांचं सहा खोल्यांचं लॉज आहे. नवरा गेल्यावर लोक म्हणाले, बाईमाणसानं लॉज चालवणं शोभत नाही. अख्तरबीनं ऐकून घेतलं, खोल्यांना रंग दिला आणि गल्ल्यामागच्या खुर्चीत जाऊन बसली. गिऱ्हाईक म्हणजे औषध कंपन्यांचे विक्रेते, नाहीतर पवनचक्क्यांवरचे कामगार. परदेशी माणूस वर्षा-दोन वर्षांतून एखादा.

असाच एक जर्मन सायकलवाला राहून गेला आणि तिसऱ्या दिवशी अख्तरबीला पोलीस ठाण्यातून बोलावणं आलं. परदेशी पाहुणा उतरला की चोवीस तासांत त्याची माहिती ऑनलाइन कळवायची असते, हे तिला ठाऊकच नव्हतं. हवालदारानं समज देऊन सोडलं, पण ते तिच्या मनाला लागलं. पुतणी तहरीमकडून ती संगणक शिकली. फॉर्म भरता भरता व्हिसाचे प्रकारही वाचू लागली. कुणी फिरायला येतो, कुणी शिकायला, कुणी धंद्याला. ज्या कामाचा व्हिसा, तेवढंच काम.

गेल्या वर्षी चैत्रात शेजारच्या वाडीनं यात्रेत पहिल्यांदाच मुलींच्या कुस्त्या ठेवल्या. कमिटीचे अध्यक्ष आप्पासो जीपमधून एका उंच, गोल चेहऱ्याच्या मुलीला घेऊन लॉजवर आले. ती मंगोलियाची ओयून. वडूजच्या सोनियाशी तिची कुस्ती असल्याचे फलक चौकाचौकात लागले होते.

अख्तरबीनं चष्मा लावून तिची कागदं पाहिली.

"आप्पासो, ही कुस्ती खेळाय आलीया न्हवं?"

"व्हय, परवा."

"मग व्हिसा फिरायचा कसा काय?"

"एजंटानं काढलाय. व्हिसा त्यो व्हिसा."

"तसं नसतंय. ह्याच्यावर ती फिरंल, बघंल, खाईल. इनामाची कुस्ती न्हाई खेळता यायची."

आप्पासोंचा चेहरा उतरला. "भाभी, तुमी आपली खोली द्या. एवढं कोण बघाय येतंय?"

"तुमचं काय जात न्हाई. घावली तर हिला माघारी धाडतील, परत हितं पाय ठिऊ देणार न्हाईत. बावीस वर्साची पोर हाय ती."

आप्पासो रागानं जीपकडं गेले. अख्तरबीनं मोबाईलवर भाषांतर करून सगळं ओयूनला दाखवलं. तिनं ते दोनदा वाचलं आणि पायरीवरच बसली. एजंटानं तिला सगळं ठीक असल्याचं सांगितलं होतं. मग तिनं टाईप केलं, "आता मी काय करू?"

"आदी जेव," अख्तरबी म्हणाली.

ओयूननं मटणाचा रस्सा आणि चार भाकरी संपवल्या. मग ती जरा हसली.

दुसऱ्या दिवशी आप्पासोंनी तालुक्याच्या वकिलाला विचारलं. त्यानंही तेच सांगितलं. शेवटी यात्रेत आप्पासोंनी स्वतः माईक हातात घेतला. "चूक आमची झाली. पाहुणी पैलवान खेळणार न्हाई, बघणार हाय." शिट्ट्या वाजल्या, काही लोक उठून गेले. ओयून मांडवात बसून राहिली. सोनियाची कुस्ती जतच्या मुलीशी लागली, आणि सोनियानं तिला चितपट केलं तेव्हा सगळ्यांत आधी टाळ्या ओयूनच्या वाजल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सोनिया लॉजवर आली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण कुस्तीनं सुजून कडक झालेले आपापले कान दाखवत दोघी तासभर हसत बसल्या.

ओयून गेली. आठवड्यानं आप्पासो लॉजवर आले आणि चहाचा कप खाली ठेवून त्यांनी विचारलं.

"भाभी, फुडच्या साली काय काय लागंल?"

अख्तरबीनं वही काढली. कुस्ती कुठल्या तारखेला, कुठल्या मैदानावर, कुणाशी, मानधन किती, राहण्याची सोय कुणाची, जबाबदारी कुणाची. तहरीमनं इंग्रजीत निमंत्रणपत्र टाईप केलं, सरपंचांनी शिक्का मारला. मंगोलियातल्या भारतीय दूतावासानं आणखी एक कागद मागवला, तोही गेला. फेब्रुवारीत ओयूनचा फोटो आला: हातात पासपोर्ट, आणि त्यात खेळाडू म्हणून मिळालेला व्हिसा. अख्तरबीनं तो मोठा करून अक्षर न् अक्षर वाचला आणि मगच आप्पासोंना फोन केला.

यंदाच्या यात्रेला माणूस मावेना. अख्तरबीनं जन्मात कधी कुस्ती पाहिली नव्हती. "पाच मिन्टं बघून येते," असं तहरीमला सांगून ती गेली आणि बायकांच्या रांगेत पुढं जाऊन बसली. सोनिया आणि ओयून अठरा मिनिटं झुंजल्या. सोनियानं दोनदा खाली वाकून पाय धरत पट काढला, दोन्ही वेळा ओयून निसटली. शेवटी ओयूननं तिला कमरेला धरून असं काही उचललं, की सोनियाची पाठ मातीला लागली तरी लोकांना कळायला क्षण लागला. सोनिया उठली, हसली आणि तिनंच ओयूनचा हात वर केला. मग वाडीच्या पोरींनी दोघींनाही खांद्यावर घेतलं.

गर्दी जरा हटल्यावर ओयून मातीनं माखलेली तशीच अख्तरबीकडं आली आणि तिला घट्ट मिठी मारली. अख्तरबीची इस्त्रीची साडी पार लाल झाली.

"आवं चाची, साडी," शेजारची एक बाई म्हणाली.

"ऱ्हाऊ दे," अख्तरबी म्हणाली. "आता फुडची जोड कुणाची हाय?"