मध्यरेषेत न बसलेली मूठ

चाकूची मूठ करायला घेतली तेव्हा मी सर्वांत आधी कागदावर मध्यरेषा काढली. तांत्रिक विद्यालयात आरेखन शिकवताना वर्षानुवर्षे मी मुलांना हेच सांगत आलो: आधी मध्यरेषा, मग वस्तू. निवृत्तीनंतरही हाताची ती सवय गेली नव्हती. शिवाय त्या दिवशी मला भलताच उत्साह आला होता.

काळेवाडीतल्या आमच्या गॅलरीत टेबलापलीकडे मेहुणा बसला होता. चाकू त्याच्यासाठीच होता. चाकणला पत्रे कापणाऱ्या प्रेसवर काम करताना त्याच्या उजव्या हाताची तर्जनी मुळापासून गेली. जखम भरल्यावर कंपनीने त्याला गेटवरचे काम देऊ केले.

"गाड्यांचे नंबर लिहीत बसू व्हय, दाजी? न्हाई जमायचं."

लहानपणी तो वडिलांबरोबर गुलाबाची कलमे करत असे. मावळातल्या एका रोपवाटिकेच्या मालकीणबाईंना त्याने तेवढे सांगितले होते. त्या म्हणाल्या, सोमवारी या, एक रांग कलमे बांधून दाखवा. हात चालला तर काम तुमचे. आम्ही गॅलरीत बसलो तो दिवस गुरुवार होता.

हे काम ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चांगल्या गुलाबाच्या फांदीवरचा डोळा, म्हणजे फुटू पाहणारा कोंब, सालीसकट अलगद सोलून काढायचा. जंगली गुलाबाच्या खुंटाच्या सालीला चीर द्यायची, डोळा तिच्या आत सरकवायचा आणि वरून पट्टी बांधायची. चाकू अंगठ्याच्या दिशेने ओढला जातो आणि त्या वेळी त्याला खालून आवरून धरते ती तर्जनी. तीच नसल्यामुळे बाजारातला कोणताही चाकू मेहुण्याच्या मुठीत गरकन फिरत असे.

पाते जमले. यांत्रिक करवतीचे एक जुने पाते माझ्याकडे होते. ते ग्राइंडरवर घासताना दर दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडवावे लागते. पोलाद निळे पडले की धार टिकत नाही. मग मेहुण्याचा पंजा कागदावर ठेवून मी कडेने पेन्सिल फिरवली, व्हर्नियरने मापे घेतली आणि तीन बाजूंची तीन दृश्ये काढली.

"दाजी, चाकू करताय का इमान?"

"हात हलवू नकोस."

शुक्रवारी संध्याकाळी मूठ तयार झाली. शिसवी, लंबगोल, दोन्ही बाजू केसाचाही फरक नसलेल्या, आणि पॉलिश असे की खिडकीचे गज त्यात दिसावेत. मी ती मोठ्या ऐटीने त्याच्या हाती दिली. कुंडीतल्या गुलाबाच्या फांदीवरचे दोन डोळे नीट निघाले. तिसऱ्याला मूठ फिरली आणि डोळा मधोमध चिरला गेला. पाचव्यालाही तेच झाले.

त्याने चाकू टेबलावर ठेवला. "राहू द्या, दाजी. गेटावर सावली तरी असती."

ते वाक्य मला रात्रभर टोचत राहिले.

शनिवारी सकाळी तो पुन्हा तोच चाकू घेऊन वाळक्या काड्या तासत बसला होता. मी समोरून नुसते पाहत राहिलो. त्याचे मधले बोट पात्याच्या मुळाशी टेकायला जागा शोधत होते. अंगठा डावीकडे झुकला होता. तळहाताचा उंचवटा उजवीकडे रेटत होता. आणि मी मापे घेतली होती ती कागदावर पसरलेल्या, काहीच न करणाऱ्या हाताची!

मी अक्षरशः धावत स्वयंपाकघरात गेलो. परातीत घट्ट मळलेली कणीक होती. मी तिचा मोठा गोळा उचलला.

"अहो! पुऱ्यांची आहे ती!" बायको ओरडली.

"मूठ करतोय!"

"मग जेवायलाही मूठच वाढते तुम्हाला."

शिसवी मूठ काढून टाकून मी पात्याच्या मागच्या मोकळ्या पट्टीवर कणीक थापली. "आता धर, आणि खरोखर काप." त्याने फांदीवरून एक डोळा काढला, मग दुसरा. तिसऱ्यालाही चाकू फिरला नाही. कणकेत मधल्या बोटाची खोल खाच उमटली होती, अंगठ्याचा तिरका खड्डा पडला होता आणि एका अंगाला फुगवटा आला होता. मेहुणा हसायला लागला. "दाजी, आवळलेलं वांगं दिसतंय हे!"

कणीक वाळून तडकण्याआधी दर सेंटिमीटरला पुठ्ठ्याचा कापा, म्हणजे तिथल्या आडव्या छेदाचा साचा, लावून मी तिचा आकार उतरवला. कागदावर ते कापे एकाखाली एक मांडले आणि सवयीने हात मध्यरेषा काढायला गेला. रेषा एकाही काप्याच्या मध्यातून जाईना. मी पेन्सिल खाली ठेवली. इतका आनंद मला बिनचूक चित्रानेही कधी दिला नव्हता.

या खेपेला बाभूळ घेतली. कानशीने उतरवताना दर पाच मिनिटांनी मी त्याला हाक मारी: धर, काप, दे. पितळी खिळे ठोकले, जवसाचे तेल चोळले आणि पॉलिश मुद्दाम टाळले, कारण या कामात हात ओले असतात. रविवारी दुपारी तो म्हणाला, "आता बोट आठवंना झालंय." मला ते नीट कळायला थोडा वेळ लागला.

सोमवारी मी त्याच्याबरोबर गेलो. रांगेत वीस खुंट होते. पहिल्या डोळ्याला पाते सालीखालच्या लाकडात गेले. मालकीणबाई शेजारी उभ्या राहून पाहत होत्या. त्याने तो डोळा टाकून दुसरा काढला. साल चिरली, डोळा बसला, पट्टी गुंडाळली. तिसरा. चौथा. पाचव्यापासून तो पात्याकडे न पाहता पुढच्या खुंटाकडे पाहू लागला. मी मोजत होतो. बाराव्यापाशी बाईंनी वाकून एक पट्टी अंगठ्याने दाबून पाहिली.

"बास, कळलं मला," त्या म्हणाल्या. "उद्या सात वाजता या."

मेहुण्याने मान हलवली, पण तो उठला नाही. तेराव्या खुंटाची साल ओल्या फडक्याने पुसत म्हणाला, "येतो की. पण ही रांग पुरी करू द्या, बाई."